बॅक्स्टर म्हणजे कोण हो बाई?

मैत्रिणींनो, परवा वर्गात एकीने विचारले, "बाई, बेकर म्हणजे पाववाला, मग बॅक्स्टर कोण?" अहो, पाव भाजणारी बाई! जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा शेपटा बायकांच्या कामांना लागे. वेबस्टर म्हणजे विणकरीण, ब्रूस्टर म्हणजे बिअर बनवणारी. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागले, आडनावे झाली, आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. आता तर मुलाचे नावसुद्धा बॅक्स्टर ठेवतात! १८२८ साली मोठा शब्दकोश काढणाऱ्या नोआ वेबस्टरच्या आडनावातही ती विणकरीण आहेच. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. तिच्या वाट्याला मात्र 'बिनलग्नाची' एवढाच शिक्का आला. घरी मी विचारले, "माझ्या पोळ्यांवरून कोणी आडनाव लावेल का?" ह्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरले.