सहल समुद्रावर न्यावी, पण कशासाठी?

डिसेंबर जवळ आला की आमच्या वर्गात एकच चर्चा सुरू होते : यंदा सहल कुठे? मुले म्हणतात, गोवा. घरची मंडळी म्हणतात, कशाला? आणि अखेर सहल रामटेकला जाते. आमच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात दिवसभर राबणाऱ्या बापाचा हा 'कशाला' मला अगदीच चुकीचा वाटत नाही. नुसते वाळूत लोळण्यासाठी एवढा खर्च करायचा असेल तर न गेलेले बरे!

माझे मत असे की, सहल रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोट-हर्णैला न्यावी. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात आपले काम सुरू केले ते याच किनाऱ्यावर. 1823 साली डोनाल्ड मिचेल बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या सोबत्यांनी बाणकोट व हर्णै येथे मराठी शाळा चालविल्या. 1829 साली आलेल्या जॉन विल्सन यांनीही मराठीचा अभ्यास याच भागात केला. मुंबईचे विल्सन कॉलेज त्यांचेच. याच परंपरेतले स्टीफन हिस्लॉप 1845 साली आपल्या नागपुरास आले. त्यांच्या नावाच्या कॉलेजवरून आपण नेहमी जातो. पण 1863 साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

धर्मप्रसार हाच या मंडळींचा मूळ हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांचे गोडवे गाण्यासाठी तेथे जावे, असेही मी म्हणत नाही. परंतु सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस येथे येऊन मराठी शिकतो, हिस्लॉपसारखा गोंडांच्या कथा व शब्द टिपून ठेवतो. आणि आपण मात्र शेजारच्या गोंडी भाषेतले चार शब्दही जाणत नाही. याची थोडी लाज वाटली, तरी सहलीचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

आणि समुद्र? तो तर आहेच! होडीतून सुवर्णदुर्ग पाहावा, बाणकोटचा किल्ला चढावा, संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव ऐकावा, वेळासला कासवांच्या संवर्धनाचे काम समजून घ्यावे. मात्र पाण्याशी खेळ नको. 2016 साली मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडाले. म्हणून भरती-ओहोटी जाणणारा स्थानिक कोळी बरोबर असल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

प्राध्यापकवर्गास एकच विनंती : सहलीची वर्गणी सर्वांना झेपेल एवढीच ठेवावी आणि जाण्यापूर्वी एक तास या इतिहासासाठी द्यावा. अर्धा वर्ग घरी ठेवून निघालेल्या सहलीला कॉलेजची सहल कसे म्हणावे? सगळे मिळून गेलो आणि काही शिकून आलो, तर 'कशाला' या प्रश्नाचे उत्तर घरी आम्हीच देऊ.