आधी थेरपिस्टची चौकशी करा

थेरपीला जावं का, असा विषय घरात निघाला की पहिला आक्षेप ठरलेला: ‘मन खंबीर पाहिजे. आमच्या वेळी कुठे होती असली थेरं?’ त्यासाठी समर्थ रामदासांची साक्षही काढली जाते. पण हा साक्षीदार उलटतो. ‘खंबीर हो’ एवढं एकदा सांगून मन ताळ्यावर येत असतं, तर समर्थांनी मनाचे श्लोक 205 कशाला लिहिले असते? मनाची पुन्हा पुन्हा, चिकाटीनं समजूत घालावी लागते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे. नुसतं बोलून काय होणार? बोलायला मित्र आहे, बहीण आहे, आणि ती काही फी लावत नाहीत. हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण हान्स आयझेंकसारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञानं 1952 साली जवळपास हाच हल्ला चढवला होता. उपचार घ्या वा घेऊ नका, दोनतृतीयांश रुग्ण दोनेक वर्षांत सुधारतातच, मग मानसोपचाराला श्रेय कसलं, असा त्याचा सवाल. त्याला सणसणीत उत्तर मिळालं 1977 मध्ये. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 375 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. थेरपी घेतलेला सरासरी माणूस, थेरपी न घेतलेल्या 100 पैकी 75 जणांपेक्षा बऱ्या स्थितीत निघाला. थेरपी रामबाण नाही. काहींना गुण येत नाही, काहींचा त्रास वाढतोही. पण ‘बोलून काही होत नाही’ हे विधान तेव्हापासून लंगडंच आहे.

राहिला मित्र. समजा, साहेबांनी सगळ्यांदेखत तुमचा रिपोर्ट परत केला. मित्र म्हणतो, ‘तुझा साहेबच हलकट.’ ऐकून बरं वाटतं, झोप मात्र येत नाही. अल्बर्ट एलिसच्या पद्धतीनं काम करणारा थेरपिस्ट अशा वेळी कागदावर तीन रकाने पाडतो. (ही पद्धत एलिसशी पत्रव्यवहार करत आपल्याकडे रुजवली ती कि. मो. फडके यांनी.) पहिल्या रकान्यात घटना: रिपोर्ट परत आला. तिसऱ्यात परिणाम: झोप उडाली, सकाळी ऑफिसची पायरी चढवेना. मधला रिकामा. तो भरायला वेळ लागतो आणि खरं काम तिथेच असतं. खूप उकरल्यावर तिथे उतरतं: ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये; झाली म्हणजे मी कुचकामाचा.’ मग प्रश्न येतात. हा नियम कोणी केला? शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो लावाल का? वर पुढच्या भेटीपर्यंतचा गृहपाठ. बहिणीनं असा गृहपाठ दिला, तर आपण तिच्याकडे जाणं बंद करू.

‘अजून तेवढी वेळ आलेली नाही’ हे म्हणणाऱ्यांना इतकंच विचारावं की किती वेळ यायला हवी? झोप, भूक, काम, घरातलं बोलणं यांतलं काही आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, तर तेवढं कारण पुरे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थेरपिस्ट शोधत बसू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जावं किंवा टेली-मानसचा 14416 हा क्रमांक फिरवावा.

माझं खरं भांडण मात्र जाणाऱ्यांशी आहे. जायचं ठरलं की आपण एकदम भाविक होतो. लग्नाचं स्थळ बघताना फ्लॅटच्या कर्जापर्यंत चौकशी करणारी माणसं इथे एक प्रश्न विचारत नाहीत. कुणाचं पुस्तक आलंय, कोण टीव्हीवर दिसतं, एवढ्यावर निवड. औषधं देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. आणि काही महिन्यांचा अभ्यासक्रम उरकून समुपदेशनाची पाटी लावलेलेही गल्लोगल्ली आहेत. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारावं: शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीनं काम करता, माझ्यासारख्या तक्रारीचा अनुभव किती, फी किती, फरक पडतोय हे आपण कसं ओळखायचं? आईनं फोन केला तर तिला काय सांगणार, हेही विचारावं. गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. कुणाची मेहरबानी नव्हे. शिवाय भाषा पाहावी. सासूबद्दलचा राग इंग्रजीत बोलताना फार सभ्य होतो.

या चौकशीला संशोधनाचाही आधार आहे. कोणत्या पंथाची थेरपी, यापेक्षा दोघांचं सूत जुळतं का, कुठे पोचायचं आणि कसं यावर एकमत आहे का, याचा परिणामाशी संबंध वारंवार आढळला आहे. म्हणून तीन-चार भेटींनंतरही जमत नसेल, तर गुपचूप गायब होऊ नये, तोंडावर सांगावं. कसलेला थेरपिस्ट त्यावरही तुमच्याशी बोलतो, गरज पडल्यास दुसऱ्याचं नाव सुचवतो. जो दुखावतो किंवा ‘तुमचीच तयारी नाही’ म्हणून तुम्हालाच दोष देतो, त्याच्याकडे दहा भेटींचे पैसे आगाऊ भरले असतील, तर उरलेले बेलाशक परत मागावेत.