घरात समुद्र आणायचा का?



आजचा विषय जरा वेगळा आहे. हॉलच्या कोपऱ्यात समुद्राचे मत्स्यालय ठेवण्याची हौस आता आपल्या समाजातल्या घरांतही आली आहे. बरणीतले दोन गोल्डफिश आपण पाहिलेले असतात. हे प्रकरण मोठे आहे. खारे पाणी, जिवंत प्रवाळ, केशरी-पांढरे क्लाउनफिश आणि वर निळसर दिवे. माझ्या धाकट्या मुलाने त्याच्या पुण्याच्या फ्लॅटसाठी असा आराखडा स्वतः काढला आहे. सुनेला तो आवडला आहे आणि नातवाने माशांची नावेही ठरवली आहेत.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, "नको रे बाबा, पाप लागेल." मुले मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जातात. माझे मत असे की आधी आराखडा नीट समजून घ्यावा, हिशेब मांडावा आणि मग बोलावे. समजून केलेल्या नकाराला वजन असते.

आराखडा खरोखर हुशारीचा आहे. टाकी २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे जवळजवळ २१६ लिटर पाण्याची. ती भिंतीला टेकवायची नाही, चारही बाजूंनी पाहायची. मग पाण्याचे पाइप लपवायचे कुठे? तर टाकीच्या मधोमध काचेचा एक उभा चौकोनी मनोरा. त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पृष्ठभागावरचे पाणी त्या दात्यांतून आत पडते आणि तळाच्या काचेला पाडलेल्या भोकांतून खालच्या कपाटातल्या संपमध्ये उतरते. तिथे ते गाळले जाते, घाण वेगळी होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मनोऱ्याभोवती दगड रचले की पाहणाऱ्याला फक्त समुद्रातला खडक दिसतो.

मनोऱ्यात उतरणारे पाइप तीन. पहिल्यातून मुख्य पाणी, दुसऱ्यातून थोडेसे, आणि तिसरा नेहमी कोरडा. पहिले दोन तुंबले तरच तो कामाला येतो. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तोच हा विचार.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे आकडे दिसले की पेन्सिल हातात घेते. मी मुलाला तीन गोष्टी विचारल्या. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचे पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत खाली येतच राहते. या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३.६ लिटर. पातळी ४ सेंटिमीटर उतरली तर १४ लिटरांहून जास्त, शिवाय पाइपमधले वेगळे. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी आहे का? नसेल तर ते पाणी लाकडी फ्लोअरिंगवर जाणार.

दुसरे, वजन. पाणी, काच, दगड, संप आणि कपाट मिळून सुमारे ४०० किलो, आणि तेही ४ चौरस फुटांवर. राहत्या खोलीची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. हॉलच्या मधोमध टाकी ठेवण्यापूर्वी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेच पाहिजे.

तिसरे, मनोरा दगडांनी झाकला आणि आतला सांधा गळू लागला, तर हात कुठून घालणार? दगड मनोऱ्यावर रेलून रचू नयेत, सुटे काढता येतील असे ठेवावेत आणि मनोरा वरून उघडा असावा, असे मी सुचवले. मुलाने तेवढा बदल केला. खरे सांगते, इथवर मलाही मजा आली.

पण पाइप लपवता येतात तसा जिवांचा हिशेब लपवता येत नाही. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी विज्ञानाप्रमाणे तो सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडून आणणे गुन्हा आहे. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते, पण समुद्री मत्स्यालयातल्या बहुतेक जातींचे मासे समुद्रातूनच पकडून आणतात. नातवाला हवा असलेला निळा टँग मासा जवळजवळ फूटभर वाढतो. २ फुटांच्या टाकीत, त्यातही मध्ये मनोरा, त्याने फिरायचे कुठे?

आणि हे मासे खातात काय? क्लाउनफिशसाठी बारीक कोळंबीसारख्या जिवांच्या गोठवलेल्या वड्या मिळतात. त्या कोणाच्या फ्रीजमध्ये राहणार? ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, त्या घरात? दिले नाही तर मुका जीव उपाशी, आणि दिले तर एका जिवासाठी शेकडो जीव. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत जिवाला कोंडणे म्हणजे बंध आहे आणि अन्नपाणी रोखणे हाही अतिचार आहे. एक टाळायला जावे तर दुसरीकडे हिंसा उभी, अशी ही कोंडी आपण हौसेने विकत घेतो.

सासूबाई विहिरीचे पाणी गाळायच्या, तेव्हा फडक्यावरचे जीव त्याच विहिरीत अलगद सोडायच्या, दुसऱ्या पाण्यात नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात त्याचे जगणे, हे त्यांना शाळेत न जाता माहीत होते.

आणखी एक गोष्ट आपल्यापुरती. हौस नवऱ्याची असते, हट्ट मुलांचा असतो आणि रोज सकाळी उडालेल्या पाण्याची भर, क्षारांचे माप, काचेवरचे शेवाळ हे सगळे घरातल्या बाईच्या वाट्याला येते. उन्हाळ्यात चिलर, वीज गेली की बॅटरी, सुट्टीत गावाला जायचे तर टाकीपाशी कोण? हा प्रश्न सुनेने आधीच विचारावा, असे मी तिला सांगितले.

मुलाला मी सांगितले, तुझा आराखडा उत्तम आहे, पण त्यात मासे आणि प्रवाळ घालू नकोस. तेच काचकाम, तोच मनोरा, साधे गोडे पाणी आणि पाणवनस्पती ठेव. वनस्पतीतही जीव आहे हे मला कळते, पण गृहस्थाने निदान त्रसजिवांची हिंसा टाळावी. आणि नातवाला मासे दाखवायचे तर मालवणला ने. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मासे त्यांच्या घरी असतात.

मुलाने अजून होकार दिलेला नाही. "आई, विचार करतो," म्हणाला. फ्लॅट त्याचा, पैसा त्याचा, मी जबरदस्ती करणार नाही. पण मासे आले तर त्यांच्यासाठी त्या वड्या माझ्या हातून फुटणार नाहीत, हेही त्याला माहीत आहे.

तुमच्या घरी काय ठरले, जरूर कळवा.

जय जिनेंद्र.