भाकरीचं सँडविच

चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे, असे माझे मत आहे. माझी आई सकाळी सातलाच खुरपायला जाते. मी चहा-बिस्किटावर शाळेत यायचो. दुसऱ्या तासालाच पोटात कावळे ओरडायचे, येणारा पाढाही चुकायचा.

आता मी रात्रीची ज्वारीची भाकरी तव्यावर खरपूस करतो. तिचे दोन तुकडे करायचे. एकावर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, कांदा, अन् आईने उकडून ठेवलं असलं तर अंडं. वर दुसरा तुकडा दाबला की झालं सँडविच! ब्रेड मऊ असतो खरा, पण तो विकत आणावा लागतो.

काही मुलं ‘शिळं खातो’ म्हणून हसतात. हसू देत. खिचडीच्या सुट्टीपर्यंत मला भूक लागत नाही.

काल आई म्हणाली, “उद्या मलापण एक बांधून दे, शेतात न्यायला.”