वेग दाखवा, पण घड्याळासह

लिब्रेऑफिसमधले कॅल्क हे मोफत, मुक्त स्प्रेडशीट पूर्वीपेक्षा खूप वेगवान झाले आहे. ही गोष्ट मराठी माणसापर्यंत एखाद्या छोट्या प्रचार-व्हिडिओतून न्यावी का? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न आहे. पण ज्यांचे रोजचे काम तक्त्यांवर चालते आणि ज्यांच्या टेबलावर जुना संगणक आहे, त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही.

बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटसारख्या मोठ्या गावाचा विचार करा. ग्रामपंचायत, शाळा, बचत गट, सेवा केंद्र, कुणाचेही काम शेवटी तक्त्यापाशी येते. घरपट्टीचेच घ्या. २०१५ अखेरच्या नियमबदलानंतर ग्रामपंचायतींची आकारणी भांडवली मूल्यावर होते. प्रत्येक मालमत्तेसाठी क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा दर आणि घसारा यांचा गुणाकार मिळवायचा. आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे आणि मग कराचा दर लावायचा. घसारा इमारतीच्या वयावरून दुसऱ्या तक्त्यात शोधावा लागतो, बांधकामाचा दर घर आरसीसीचे आहे की मातीचे यावरून ठरतो. हे सगळे स्प्रेडशीटमध्ये मांडले, तर एक दर बदलताच गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या ओळी नव्याने मोजल्या जातात. कमी मेमरीचा संगणक नेमका इथे हँग होतो. समोर दाखल्यासाठी माणूस उभा असतो आणि विजेचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी वेग ही चैन नाही.

व्हिडिओच्या बाजूने पहिला मुद्दा असा की सांगण्यासारखे खरोखर काही घडले आहे. द डॉक्युमेंट फाउंडेशनने सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिसपासून लिब्रेऑफिस वेगळे काढले, तेव्हा कॅल्कचा गाभा जुनाच होता. त्यात प्रत्येक सेल ही मेमरीतली स्वतंत्र वस्तू होती. जानेवारी २०१४ च्या ४.२ आवृत्तीत तो गाभा नव्याने बांधला गेला. स्तंभातली एकाच प्रकारची सलग माहिती मेमरीतही सलग ठेवली जाऊ लागली. खालपर्यंत ओढलेला फॉर्म्युला ओळीगणिक सुटा न धरता एक गट म्हणून हाताळता येऊ लागला. असा गट ग्राफिक्स प्रोसेसरकडे मोजायला देण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली आणि त्या कामात एएमडी ही कंपनी सहभागी होती. पुढे हा हिशेब प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये वाटला जाऊ लागला. ऑगस्ट २०२२ च्या ७.४ आवृत्तीने स्तंभांची मर्यादा १,०२४ वरून १६,३८४ वर नेली. इतक्या वर्षांची ही मेहनत मराठीत कुणी समजावून सांगू नये, हे बरे नव्हे.

दुसरा मुद्दा समजुतीचा आहे. ‘फुकटचे ते हळूच चालणार’ ही धारणा पक्की आहे. तिच्यापायी कितीतरी जण परवाना नसलेली, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली प्रत वापरतात आणि तिच्यासोबत व्हायरसही घरी आणतात. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. पण धोरणाचा कागद समजूत बदलत नाही. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट बदलते.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच वजनदार आहे.

वेग म्हणजे एकच एक आकडा नव्हे. फाइल उघडण्याचा वेग वेगळा, हिशेबाचा वेगळा, जतन करण्याचा वेगळा. घरपट्टीच्या तक्त्यात प्रत्येक ओळ स्वतंत्र असते, म्हणून ते काम अनेक कोअरमध्ये वाटता येते. बचत गटाच्या खात्यात मात्र प्रत्येक ओळीची शिल्लक आधीच्या ओळीवर अवलंबून असते. वरची ओळ मोजल्याशिवाय खालची मोजताच येत नाही, त्यामुळे तिथे कितीही कोअर असले तरी फारसा उपयोग नाही. आधुनिक ग्राफिक्स कार्डाच्या संगणकावर चित्रित केलेला चमत्कार साध्या डेस्कटॉपवर दिसणारही नाही. मग पाहणारा एकदाच वापरून बघेल, निराश होईल आणि पुन्हा वळून पाहणार नाही. फोल ठरलेला दावा मुक्त सॉफ्टवेअरचे फायद्यापेक्षा नुकसानच अधिक करतो.

शिवाय लोक अडतात ते फक्त वेगापाशी नाही. वरच्या कार्यालयातून येणारा नमुना बहुधा एक्सेलचा असतो, त्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असल्या तर ते कॅल्कमध्ये तसेच चालतील याची खात्री नसते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली नावे युनिकोडमध्ये आणावी लागतात. आणि वेगापेक्षा अचूकपणा मोठा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत जुन्या एक्सएलएस फाइलच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे १५,८४१ कोविडबाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीतून सुटली आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तिथे कुणाला वेगाची अडचण नव्हती. फाइलच्या मर्यादेकडे लक्ष गेले नव्हते.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीतले बरेचसे काम स्वयंसेवक करतात. त्यांचे मोजके तास प्रचारावर घालवावेत की शिकवण्यावर? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या प्रश्नाचे एक चांगले उत्तर दिले आहे. साधारण दहा मिनिटांचा पाठ, पडद्यावर चाललेले काम, सोबत मराठी आवाज आणि शिकणाऱ्याने व्हिडिओ थांबवत स्वतः करून पाहायचे. कॅल्कचेही पाठ त्यात आहेत. संगीत नाही, दावे नाहीत, तरी शिकणाऱ्याच्या हाताला काम येते.

मग व्हिडिओ नकोच का? तसे मला वाटत नाही. पाठ बघायला तोच येतो, ज्याने शिकायचे ठरवले आहे. ज्याने हे सॉफ्टवेअर हळू म्हणून आधीच मोडीत काढले, तो पाठापर्यंत पोहोचतच नाही. त्याला दारापर्यंत आणण्याचे काम प्रचाराचे आहे. आणखी एक गोष्ट अशी की स्पोकन ट्युटोरियलचे कॅल्कवरचे सुरुवातीचे पाठ ३.३.४ या आवृत्तीवर आहेत, म्हणजे गाभा बदलण्याच्या आधीच्या. नंतरची सुधारणा त्यांत येणे शक्यच नव्हते. त्यामुळे प्रचार आणि शिक्षण यांत निवड करायची गरज नाही, त्यांचा क्रम नीट लावायचा आहे.

प्रचार कसा करावा, याचा धडा विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत आहे. तिथे जोडी किती चांगली हे मालक सांगत नाही, सगळ्यांदेखत घड्याळ सांगते. व्हिडिओलाही हाच नियम लावावा. संगणक गावात असतो तसाच, साधा आणि काही वर्षे जुना घ्यावा. त्याची मेमरी, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सुरुवातीलाच पडद्यावर लिहावी. नमुन्यासाठी घरपट्टीचा तक्ता काल्पनिक नावे घालून करावा. दर बदलल्यापासून उत्तर येईपर्यंतचे चित्रण मध्ये कुठेही न कापता दाखवावे. तुलना कॅल्कच्या जुन्या आवृत्तीशी करावी, कारण सुधारणा झाली ती तिथे. मग बचत गटाचे खातेही उघडावे आणि इथे फारसा फरक पडत नाही, हे त्याच आवाजात सांगावे. मॅक्रोची अडचण लपवू नये. फाइल जुन्या एक्सएलएसमध्ये नको, फक्त एक्सएलएसएक्स किंवा ओडीएस स्वरूपात जतन करा, हे बजावावे. शेवटी तीच फाइल सर्वांना उतरवून घेता यावी आणि पुढच्या मराठी पाठाचा पत्ता द्यावा.

असा व्हिडिओ कदाचित कमी झगझगीत होईल, पण त्यातला प्रत्येक दावा देऊळघाटमधला कुणीही आपल्या टेबलावर तपासून पाहू शकेल. मुक्त सॉफ्टवेअरची खरी ताकद हीच आहे की त्याचे काहीही झाकलेले नसते, म्हणून त्याची जाहिरातही उघड्यावर तपासता यावी. या अटी पाळायची तयारी असेल तर व्हिडिओ जरूर करावा आणि मराठीतच करावा. तयारी नसेल तर तेवढे तास आणखी एक मराठी पाठ तयार करण्यात घालवावेत. ते वाया जाणार नाहीत.