घरकुलाला खिडकी किती?

मागच्या वैशाखातली गोष्ट. सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी दवाखान्यात येऊन बसले. तक्रार एकच, रात्री झोप लागत नाही, झोपेची गोळी द्या. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, लघवीचा काही त्रास आहे का विचारले. वयाच्या मानाने सगळे ठीक होते. शेवटी विचारले, "आबा, झोपता कुठे?" तर म्हणाले, "नव्या घरात. पोराला घरकुल मिळालं, पाडव्याला वास्तू केली. पण डॉक्टरसाहेब, रातीचे दोन वाजले तरी स्लॅब तव्यावानी तापलेलाच ऱ्हातोय. पंखा लावला तर वरून आग ओततोय."

मी गोळी दिली नाही. बाज लिंबाखाली टाका, मच्छरदाणी लावा, उशाला पाण्याचा तांब्या ठेवा, एवढेच सांगितले. आबा हसले आणि उठता उठता म्हणाले, "मग घर बांधलं कशाला?"

या प्रश्नाला त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दीड महिन्याने त्यांचाच मुलगा आला. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले. बेडका तपासला तर क्षयाचे जंतू निघाले. औषधे सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, तेव्हा उपचारांची चिंता नव्हती. चिंता होती ती घरातल्या सुनेची आणि दोन लेकरांची. त्यांच्याही तपासण्या व्हायला हव्या होत्या, म्हणून घर पाहायला गेलो.

घर नीटनेटके होते. एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीला रस्त्याच्या अंगाला एक खिडकी, आणि त्या खिडकीला पाठ लावून उभे केलेले लोखंडी कपाट. मागच्या खोलीत खिडकीची जागा सोडलेली दिसत होती, पण ती विटांनी बुजवलेली. का म्हणून विचारले, तर ग्रिलला पैसे उरले नव्हते आणि उघडी ठेवली तर मांजर येते, चोराची भीती, म्हणून गवंड्यानेच विटा लावून दिल्या. चूल त्याच खोलीत. घर बांधून चार महिने झाले नव्हते, तरी छताचा कोपरा धुराने काळा झाला होता. अशा दोन खोल्यांत पाच माणसे, आणि त्यातला एक खोकणारा.

क्षयरोग घरामुळे होतो असे कोणी समजू नये. तो जंतूंमुळे होतो. पण खोकल्यातून उडालेले हे जंतू बंद खोलीत तासन् तास हवेत तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात आणि ऊन पडत असेल तर मरतात. म्हणजे एकाचा आजार पाच जणांचा व्हावा की एकाचाच राहावा, हे बऱ्याच अंशी खिडकीवर ठरते. मुंबईत झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनासाठी उभ्या केलेल्या इमारतींचा काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या वसाहती त्यात होत्या. तिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर सूर्य पोचत नाही. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त, असे त्यात दिसून आले. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली ही माणसे. त्यांना भिंती मिळाल्या, हवा गेली.

आमच्या मराठवाड्यात तर पुढे शेत, मागे माळ. हवेला तोटा नाही. तरी आपण घरे अशी का बांधू लागलो, याचे कारण इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा लांब दगड कुठेच नाही, आणि डोक्यावर पिढ्यान् पिढ्या पांढरी माती टाकून जड झालेले माळवद. ज्याने ते पाहिले त्याला दगडमातीच्या घरात झोप येणे शक्यच नव्हते. लोक महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, पण परत वाड्यात गेले नाहीत. मी त्यांना दोष देणार नाही.

मात्र त्या भीतीत एक घोटाळा झाला. चूक जोडणीची आणि वजनाची होती, आपण टाकून दिले ते सगळेच. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घातले, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवला आणि छत हलके केले, तर दगडाचे घरही धक्का सोसते. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात इंजिनिअरांनी हेच करून दाखवले होते. पण गावाने कानाला खडा लावला होता. बावन्न गावे नव्या जागी वसवली, सरळ रस्ते आणि रांगेने घरे. माणसे तिथे राहायला गेली आणि थोड्याच दिवसांत पुढे पत्र्याचा सोपा काढला, मागे चुलीसाठी आडोसा केला. घर आखणाऱ्यांनी जे विचारले नव्हते, ते लोकांनी आपल्या हातांनी सांगितले.

जुने घर सगळेच चांगले होते असे मी म्हणत नाही. आतल्या खोल्या अंधाऱ्या, बाळंतिणीची खोली तर भुयारच. भिंतीच्या फटींत विंचू. पण जाड भिंतीने आणि मातीच्या छताने दुपारचे ऊन आत यायला रात्र व्हायची, छताला झरोका असायचा त्यातून धूर जायचा, आणि ढाळजेत वारा लागायचा. स्लॅबचे उलटे आहे. पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवे लागल्यापासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडतो. पत्रा दुपारी जीव नकोसा करतो, पण रात्री लवकर निवतो. म्हणून आबांना पत्र्याच्या शेडमध्ये झोप यायची आणि पक्क्या घरात येईना. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान लवकर कळत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशा माणसाला रात्रीसुद्धा गारवा मिळाला नाही, तर उष्माघाताला उन्हात जावे लागत नाही.

अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उन्हाळ्याचा आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवायला घेतली. पांढऱ्या छताखाली खोली दोन ते पाच अंशांनी कमी तापते असा अनुभव आहे. घरावर चुना मारणे आपल्याला नवे नाही. भिंतीला मारतो तो गच्चीवर मारायचा, एवढाच फरक. होळी झाली की गच्ची झाडून धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसाने जातो, दरवर्षी द्यावा लागतो, हे खरे.

पण बांधल्यावर मलमपट्टी करण्यापेक्षा बांधतानाच विचार केलेला बरा. लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज वास्तुतज्ज्ञ होते. महायुद्धाच्या काळात चीनमध्ये जखमींची सेवा करून परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत थांबले, तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९४५ मध्ये ते पुन्हा भारतात आले ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या इमारती सुधारण्यासाठी, आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला वारले तोपर्यंत इथलेच होऊन राहिले. चांगले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून व्हावे, हे गांधीजींचे म्हणणे ते नेहमी सांगत. सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बेकर यांनी केरळात गरिबांसाठी जी घरे बांधली त्यांत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावल्या, त्यामुळे भिंतीत पोकळी राहते. विटा जवळजवळ पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येते. स्लॅब ओततानाही ते खालच्या भागात मंगलोरी कौले घालत. तिथले काँक्रीट तसेही फारसे कामाचे नसते. स्लॅब हलका होतो, सिमेंट वाचते, घर कमी तापते. खर्च कमी आणि आरोग्य जास्त, असा योग आमच्या धंद्यात फार क्वचित येतो, म्हणून मुद्दाम सांगितले. अर्थात गवंड्याला हे काम शिकवावे लागते, आणि आमचे गवंडी नवे काही म्हटले की आधी मान हलवतात.

आता खिडकीचा हिशोब. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी खिडक्या हव्यात, दार त्यात धरायचे नाही. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची, तिला १२ चौरस फूट. म्हणजे तीन बाय दोनच्या दोन खिडक्या झाल्या. मी म्हणेन, एका भिंतीला मोठी एक देण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींना दोन द्या. वारा आत येतो तो बाहेर जायला वाट असेल तरच. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा असावी असेही योजनेत म्हटले आहे. कागदावर काही कमी नाही.

स्वयंपाकाच्या जागेबद्दल भगिनींनाच विचारावे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस घरोघर आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण टाकी संपली की ती भरायला पैसे लागतात आणि तुराट्या शेतात फुकट असतात. त्यामुळे गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी, असे अजून कितीतरी घरांत चालते. पंचवीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या, बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांची छाती विडीबाजासारखी वाजते, हे मी रोज ऐकतो. चूल जाईल तेव्हा जाईल. तोवर चुलीच्या वर छतालगत हातभर झरोका ठेवायला काय खर्च येतो? उलट चार विटा वाचतात.

एका बाबतीत नव्या घरांना पुरे गुण द्यायला हवेत, ती म्हणजे फरशी. मेक्सिकोच्या कोआविला प्रांतात सरकारने २००० सालापासून गरिबांच्या घरांतल्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. जिथे सगळी जमीन सिमेंटची झाली, तिथल्या लहान मुलांमध्ये जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि जुलाबाचे ४९ टक्क्यांनी उतरले, असे पाहणीत आढळले. रांगणारे मूल असेल त्या घराने आधी फरशी करावी, गिलावा मग.

गाडे अडते ते पैसे देण्याच्या पद्धतीत. योजनेत साध्या भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरले आहेत. शौचालयाचे आणि मजुरीचे वेगळे, राज्याचीही अलीकडे काही भर आहे. तेवढ्यात आजच्या भावाने घर पुरे होत नाही. लोक पाया मोठा काढतात, लिंटलला येईपर्यंत हात रिकामे होतात, मग सावकार किंवा बचत गट. हप्ता मिळतो तो पाया, लिंटल, छत असे टप्प्याटप्प्याचे फोटो पाहून. फोटोत स्लॅब दिसला पाहिजे. खिडकी उघडी आहे की विटा लावल्या आहेत, हे कोणी विचारत नाही. तेव्हा पैसे कमी पडले की पहिला बळी खिडकीचा जातो. माझे म्हणणे असे की शेवटचा हप्ता देण्याआधी त्या फोटोंत आणखी एकाची भर घालावी, समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांचा. आणि ग्रिलचे पैसे वेगळे द्यावेत. क्षयाच्या एका रोग्याची सहा महिन्यांची बुडालेली मजुरी पाहिली तर दोन ग्रिल त्यापुढे काहीच नाहीत.

नमुने नाहीत असेही नाही. केंद्राच्या ग्रामविकास खात्याने यूएनडीपी आणि दिल्लीच्या आयआयटीला बरोबर घेऊन 'पहल' नावाचा मोठा संग्रह काढला आहे. राज्याराज्यांतले हवामान, माती आणि तिथले सामान पाहून घरांचे नकाशे त्यात दिले आहेत. मी एका कार्यालयात जाऊन त्याची चौकशी केली, तर तिथल्या साहेबांनी हे नाव प्रथमच ऐकले. ज्याचे घर त्याला तर दाखवणे दूरच. एखाद्या ग्रामसभेत दोन-चार नकाशे भिंतीवर चिकटवून बायकांना नुसते विचारले, चूल कुठे हवी, न्हाणी कुठे हवी, तर अर्धे काम होईल.

आबांच्या घरातले कपाट मी गेलो त्याच दिवशी शेजाऱ्यांनी मिळून सरकवले. मागच्या खिडकीच्या विटा आठवड्याने निघाल्या. ग्रिल भंगारवाल्याकडून जुने आणले, गवंड्याने एक दिवसाची मजुरी घेतली. मुलाचा औषधांचा कोर्स पुरा झाला, बेडका स्वच्छ आहे, सून आणि लेकरे तपासणीत निरोगी निघाली. यंदा होळीनंतर गच्चीवर चुनाही मारला. आबा मात्र अजून लिंबाखालीच झोपतात. विचारले तर म्हणतात, "आता सवय झाली."