वैमानिकाचं आगार



मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना सांगायला नको. दिवस मावळताना हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या आगारातून एस.टी. निघते आणि शेवटच्या गावाला जाऊन थांबते. प्रवासी उतरून घरोघर जातात, पण गाडी मात्र परत फिरत नाही. चालक आणि वाहक तिथंच मुक्काम करतात. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला पुन्हा गाडी सुरू! बाजाराला निघालेल्या बाया, दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, सगळ्यांना घेऊन ती तालुक्याला पोचते.

त्या चालककाकांना विचारून बघा, "काका, तुम्ही कुठले?" ते आधी गावाचं नाव सांगतील आणि मग म्हणतील, "पण आगार वसमत." घर कुठंही असो, ड्यूटी लागते आणि संपते ती आगारात. हजेरी तिथं, कामाचा तक्ता तिथं आणि सुटीचा अर्जही तिथंच.

आता मला सांगा, विमान चालवणाऱ्याचं आगार कुठं असतं? विमानतळावर म्हणाल, तर कुठल्या? तो तर सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या! आज आपण नेमकी हीच गोष्ट बघणार आहोत.

आपल्याला जवळचा विमानतळ नांदेडचा. श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळ हे त्याचं नाव. लहान शहरांना विमानानं जोडायची 'उडान' योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी, म्हणजे २७ एप्रिल २०१७ रोजी, ज्या मार्गांवर विमानं उडाली त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ट्रूजेट नावाच्या कंपनीचं पंख्याचं ए.टी.आर. विमान त्यावर धावायचं. २०२२ साली त्या कंपनीची उड्डाणं थांबली. पुढे ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअर या कंपनीनं नांदेडहून विमानं सुरू केली. त्यांतला एक मार्ग नकाशात शोधून बघा. बंगळूरहून नांदेड, नांदेडहून दिल्लीजवळचं हिंडन आणि हिंडनहून पंजाबात जालंधरजवळचं आदमपूर. मग त्याच वाटेनं परत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या पंजाबी भाविकांची यानं केवढी सोय झाली असेल, नाही का?

आता बोटांवर मोजा. जाताना तीन वेळा उडायचं आणि तीन वेळा उतरायचं. परतीलाही तसंच. एका विमानाची एका दिवसात सहा उड्डाणं झाली! अशा लहान मार्गांवरच्या वैमानिकाचं काम मोठ्या विमानाच्या वैमानिकापेक्षा वेगळं असतं ते इथं. मुंबईहून लंडनला जाणारा वैमानिक बरेच तास उडतो, पण उतरतो एकदाच. लहान मार्गावरचा मात्र दिवसभर चढउतार करत असतो. आणि विमान चालवताना सगळ्यांत जास्त लक्ष लागतं ते उडताना आणि उतरताना. तुम्हीच विचार करा, सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर सायकल चालवणं सोपं, की आठवडी बाजाराच्या गर्दीतून सहा वेळा वाट काढणं सोपं? म्हणूनच नियम असा, की एका दिवसात उतरायच्या खेपा जितक्या जास्त, तितका वैमानिकाचा कामाचा दिवस छोटा.

वैमानिकाच्या आगाराला विमान कंपन्यांत 'बेस' म्हणतात. कंपनी प्रत्येक वैमानिकाला एक शहर नेमून देते. त्याची ड्यूटी साधारणपणे तिथून सुरू होते आणि तिथंच संपते. बाहेरगावी मुक्काम पडला तर हॉटेलची व्यवस्था कंपनी करते, पण बेसच्या गावात राहायची सोय ज्याची त्यानं बघायची. मोठा बेस असतो मोठ्या शहरात, जिथं बरीच विमानं रात्री मुक्कामाला येतात. त्यामुळे आपल्या वसमतची एखादी ताई उद्या वैमानिक झाली आणि नांदेडला रोज विमान घेऊन उतरू लागली, तरी तिचा बेस बंगळूर किंवा हैदराबाद असू शकतो. ती विमान घेऊन घराच्या इतक्या जवळ येईल, पण प्रवासी उतरले, नवे चढले की लगेच परत आकाशात! आईच्या हातची भाकरी खायला तिला सुटीचीच वाट बघावी लागेल.

आणि ताई म्हटलं ते उगीच नाही हं. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानात सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आपल्या देशातलं असं ते पहिलं उड्डाण. मार्ग होता कोलकाता ते सिल्चर, विमान होतं फॉकर फ्रेंडशिप, म्हणजे लहान मार्गावरचं पंख्याचंच विमान, आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख!

वैमानिकालाही शाळेसारखं वेळापत्रक असतं. त्याला 'रोस्टर' म्हणतात. कुठल्या दिवशी कुठलं उड्डाण, मुक्काम कुठं, सुटी कधी, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. एखाद्या दिवसापुढे लिहिलेलं असतं 'स्टँडबाय'. म्हणजे घरीच राहायचं, पण गणवेश इस्त्री करून ठेवायचा आणि फोन जवळ ठेवायचा. कुणी आजारी पडलं की यांना बोलावणं येतं. कधी तर वैमानिक गणवेशात असूनही प्रवाशांच्या खुर्चीवर बसून जातो. पुढच्या गावाहून त्याला विमान न्यायचं असतं ना! एका आगाराचा चालक दुसऱ्या आगाराची गाडी आणायला जातो, तसंच हे.

हे रोस्टर कंपनीनं मनाला येईल तसं करायचं नाही. दिल्लीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नावाचं सरकारी कार्यालय आहे. सगळे त्याला डी.जी.सी.ए. म्हणतात. त्याचे काही नियम ऐका. वैमानिकानं सात दिवसांत ३५ तासांपेक्षा जास्त आणि वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडायचं नाही. दोन ड्यूट्यांच्या मध्ये निदान १२ तास विश्रांती हवी, आणि आधीची ड्यूटी त्याहून मोठी झाली असेल तर विश्रांतीही तेवढीच मोठी.

तुमच्यातला एखादा हिशेबी मुलगा म्हणेल, "आठवड्याला फक्त ३५ तास? मजा आहे की! माझे बाबा तर याच्या दुप्पट राबतात." थांबा जरा. हे ३५ तास फक्त उडण्याचे आहेत. विमान सुटण्याच्या बरंच आधी हजर व्हायचं, हवामानाचे कागद वाचायचे, इंधनाचा हिशेब करायचा, विमानाभोवती फिरून ते तपासायचं, एका गावाला उतरल्यावर पुढच्या उड्डाणाची वाट बघायची. हे सगळे तास ड्यूटीचे, पण त्या ३५ तासांत न धरलेले. पहाटे सहाचं विमान असेल तर त्याला उठावं लागतं रात्री तीनला!

आता एक गंमतीचा हिशेब करू. समजा, एक विमान रोज ९ तास उडतं. वर्षाचे दिवस ३६५. नऊ गुणिले ३६५ म्हणजे ३२८५ तास. एका वैमानिकाला वर्षाला १००० तासच मुभा. विमानात वैमानिक असतात दोन, एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक. मग एका विमानाला वैमानिकांच्या किती जोड्या लागतील? तीन जोड्या पुरणार नाहीत. निदान चार, म्हणजे आठ माणसं! शिवाय कुणी आजारी पडणार, कुणाच्या घरी लग्न निघणार, कुणाला परीक्षा द्यायची असणार. हो, वैमानिकांनाही वर्षातून दोनदा उड्डाणाची परीक्षा द्यावी लागते बरं का! म्हणजे प्रत्यक्षात माणसं आठांहून बरीच जास्त हवीत.

हा हिशेब चुकला तर काय होतं? २०२५ साली आपल्या देशानं ते पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम त्या वर्षी दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबरला. आठवड्याची सलग सुटी आधी ३६ तासांची होती, ती ४८ तासांची झाली. नियमांतली 'रात्र' आधी बारा ते पाच होती, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या ड्यूटीत आधी सहा वेळा विमान उतरवायची परवानगी होती, ती दोनवर आली. नियम चांगलेच होते, पण ते पाळायचे तर माणसं जास्त लागणार हे उघड आहे. इंडिगो ही देशातली सगळ्यांत मोठी विमान कंपनी. तिची तयारी कमी पडली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची उड्डाणं धडाधड रद्द होऊ लागली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजारावर उड्डाणं रद्द झाली! विमानं होती, इंधन होतं, प्रवासी होते. नियमानं उडू शकेल असा वैमानिक मात्र पुरेसा नव्हता. शेवटी सरकारनं त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली.

तेव्हा विमानतळावर अडकलेले लोक चिडले, आणि ते साहजिकच होतं. पण विश्रांतीचा नियम इतका कडक का, हे कळायला आपल्याला जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल.

१२ फेब्रुवारी २००९. कोलगन एअर नावाच्या एका लहान मार्गांवरच्या कंपनीचं विमान नूअर्कहून बफेलोला निघालं होतं. सहवैमानिक तरुणीचा बेस नूअर्क, पण ती राहायची देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आईवडिलांकडे. ड्यूटीसाठी ती आदल्या रात्री विमानं बदलत, बसल्या बसल्या डुलक्या घेत नूअर्कला आली. कॅप्टनचं घरही दूर फ्लोरिडात. त्यानं विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या खोलीतच पाठ टेकली. बेसच्या गावात दोघांचंही घर नव्हतं. बफेलो जवळ आल्यावर विमानाचा वेग फार कमी झाला. धोक्याची सूचना वाजली, पण कॅप्टननं जे करायला हवं त्याच्या उलट केलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण त्या रात्री गेले. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनची ती चूक ठरली, पण दोघंही थकलेले असावेत आणि त्याचा परिणाम झाला असावा, असंही तपास करणाऱ्यांनी लिहिलं. गेलेल्यांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. त्यांनी पाठपुरावा केला, २०१० साली कायदा झाला आणि २०१४ पासून तिथं वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले.

थकलेल्या माणसाची अडचण काय असते ठाऊक आहे? आपण थकलोय हे त्याचं त्यालाच नीट कळत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सोपी बेरीज चुकवलेल्यांना हे पटेल. तेव्हा वाटत असतं, आपण अगदी ताजेतवाने आहोत! वैमानिकानं बेरीज चुकवून चालत नाही. म्हणून त्याच्यासाठी आणखी एक नियम आहे. थकवा आला असेल तर त्यानं विमान न्यायचंच नाही. दीडशे प्रवासी खोळंबलेले असताना "मी थकलोय, आज उडणार नाही" असं म्हणायला छाती लागते. पण त्या क्षणी ते म्हणणं हेच त्याचं कर्तव्य असतं.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं. आपल्या जिल्ह्यात विमान चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही असतील की नाही कुणास ठाऊक. पण रात्रीची पाळी करणारे घरोघरी आहेत. पूर्णा-अकोला मार्गावर रेल्वे चालवणारे, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, पोलीसकाका, मुक्कामी गाडीचे चालक, हळदीचे ट्रक रातोरात शहराला नेणारे ड्रायव्हर. सकाळी घरी येऊन ते झोपले की शेजारीपाजारी म्हणतात, "दिवसाढवळ्या झोपतो हा!" अहो, तो झोपलाय ते उद्याच्या ड्यूटीसाठी. पुढच्या रात्री ज्यांचा जीव त्याच्या हातात असणार आहे, त्यांच्यासाठी तो झोपलाय. तेव्हा त्या खोलीचं दार हळूच लावा आणि टीव्हीचा आवाज कमी करा. एवढं तर आपण करू शकतो.

आता या आठवड्याचा उद्योग. चौकोनी रेघांचं पान घ्या. आडव्या ओळीत २४ चौकोन आणि अशा ७ ओळी. झाले १६८. आठवड्याचे तास एवढेच, राजाला आणि रंकाला सारखेच! आता घरातल्या किंवा शेजारच्या, पाळीनं काम करणाऱ्या एका माणसाजवळ बसा आणि त्यांचा आठवडा विचारून घ्या. कामाचे चौकोन लाल करा, जाण्यायेण्याचे पिवळे, झोपेचे निळे. पान पुरं झालं की निळे चौकोन मोजा. सलग निळी पट्टी किती लांब आहे आणि ती किती ठिकाणी तुटली आहे, तेही बघा. आणि ते पान त्यांना दाखवायला विसरू नका. कदाचित त्यांनी स्वतःही ते कधी मोजलेलं नसेल.

मग तसंच एक पान स्वतःचंही करा बघू!